वाटीखाली दुखणारा पैलवानाचा गुडघा

जत्रांचा हंगाम जवळ आला की तालमीत बैठकांचा आकडा दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होतो. मांडीचे स्नायू वाढलेला भार लवकर पेलायला शिकतात. गुडघ्याच्या वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी कंडरा (चिवट पट्टा, टेंडन) मात्र फार सावकाश बळकट होते आणि तिथंच दुखायला लागतं.

आधी जागा नक्की करा. पाय सरळ आणि सैल ठेवून वाटीच्या खालच्या टोकावर अंगठा दाबा. नेमकं तिथंच दुखतं, व्यायामानं अंग तापलं की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा जाणवतं, तर बहुधा कंडराच दुखावली आहे. वाटीपुढे पाण्याच्या पिशवीसारखी सूज असेल तर ती पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला खाली जाताना, गुडघा मॅटवर आपटून आलेली असते. ती लाल, गरम झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुई टोचून पाणी काढायचा उद्योग तालमीत करू नका.

कंडरेसाठी पूर्ण विश्रांती हा वाईट सल्ला आहे. पडून राहिलेली कंडरा आणखी कमकुवत होते आणि आखाड्यात परतताच पुन्हा दुखते. उड्या आणि वेगाच्या बैठका बंद ठेवा. जोर, दोर चढणं चालू राहू द्या. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे साधारण 60 अंशांत वाकवून 45 सेकंद थांबा. असं रोज 5 वेळा, मध्ये 2 मिनिटं विसावा.

दुखणं निवळू लागलं की एक दिवसाआड, आठवड्यातून 3 दिवस, खांद्यावर बारबेल घेऊन संथ बैठका: 3 सेकंद खाली, 3 सेकंद वर. आपल्या नेहमीच्या बैठकीत टाचा उचलतात, गुडघा पुढे जातो आणि कंडरेवर ताण वाढतो. म्हणून इथं टाचा टेकलेल्याच हव्यात, आणि सुरुवातीला मांडी जमिनीला समांतर होईपर्यंतच खाली जा. 15 बैठकांचे 4 सेट, शेवटच्या दोन जड जाव्यात इतकं वजन. पुढं दर काही आठवड्यांनी वजन वाढवत, सेटमधल्या बैठकांचा आकडा घटवत 6 वर या. याला 12 आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडणारे बरेच असतात, आणि त्यांचंच दुखणं परत येतं.

व्यायाम करताना 10 पैकी 3 इतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर वजन कमी करा, व्यायाम थांबवू नका.

लढतीआधी कंडरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. आराम चार दिवसांचा, पण कंडरा तुटण्याचा धोका खरा. 10 ते 15 वर्षांच्या पोरांना वाटीच्या खाली, नडगीवर टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते वाढीच्या वयाचं दुखणं असतं. त्यांच्या बैठका आणि उड्या कमी करा, खांद्यावर वजन देऊ नका. पीळ बसून काही तासांत गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर यातलं काहीच करू नका, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.