प्रबोधनकाळातल्या रेखाटनांत सद्गुण ओळखताना या चुका टाळा

युरोपातल्या प्रबोधनकाळात न्याय, विवेक, धैर्य, संयम हे सद्गुण बहुधा हाती ठरावीक खुणा असलेल्या स्त्रियांच्या रूपात रेखाटत. पण स्त्रीच्या हाती तलवार दिसली की लगेच ‘न्याय’ म्हणून मोकळं होऊ नका. तलवार शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापणाऱ्या, बायबलकथेतल्या ज्यूडिथकडेही असते. शेजारी तराजू आहे का, पायाशी कापलेलं मुंडकं आहे का, हे आधी पाहा. विवेकाकडे आरसा किंवा साप, धैर्याजवळ खांब किंवा सिंह, संयमाच्या हातात दोन भांडी असतात. पण एकाच खुणेवर विसंबलात तर हमखास फसाल. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी शोधणंही सोडा. ती पट्टी १५व्या शतकाच्या अगदी अखेरीस दिसू लागते.

चेझारे रिपा या इटालियन लेखकाचा प्रतीककोश (कोणत्या कल्पनेची कोणती खूण ते सांगणारा) हाताशी घेऊन १४९०चं रेखाटन वाचणारे पुष्कळ भेटतात. तो कोश छापला गेला १५९३ साली, त्यात चित्रं आली १६०३ साली. आधीच्या चित्रकाराला तो लागू करणं चूकच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इटालियन चित्रकार राफाएलच्या ‘योद्ध्याच्या स्वप्ना’पाशी. साधारण १५०४चं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि त्याचं शाईतलं रेखाटनही टिकून आहे. रेखाटनातल्या रेषांवर बारीक भोकं आहेत. ती कसरीने पाडलेली नाहीत. कागद फळीवर ठेवून त्या भोकांतून कोळशाची पूड झिरपवायची, म्हणजे आकृती जशीच्या तशी खाली उतरते. चित्र जेमतेम १७ सेंटिमीटरचं, तरी एवढी काटेकोर तयारी! म्हणून अशा भोकांना खराबी समजून नजरेआड करू नका, कागद कशासाठी होता ते त्यांवरूनच कळतं.

आता आशय. झोपलेल्या योद्ध्याच्या एका बाजूची स्त्री तलवार आणि पुस्तक पुढे करते, दुसरी फूल. सद्गुण आणि विलास अशा दोन स्त्रियांतून एकीची निवड करणाऱ्या ग्रीक वीर हर्क्युलिसची गोष्ट माहीत असलेले लगेच म्हणतात, सद्गुण विरुद्ध विलास, निवड करा! पण फूलवाल्या स्त्रीकडे नीट पाहा. तिच्यात मोहात पाडणारं काहीच नाही. शौर्य, विद्या आणि प्रेम ही तिन्ही योद्ध्याला हवीत, असं वाचन मला जास्त पटतं.

शेवटची चूक म्हणजे सद्गुण दरवेळी स्त्रीरूपातच शोधणं. ब्रिटिश म्युझियममधल्या, इटालियन चित्रकार मांतेन्याच्या ‘विर्तुस कोंबुस्ता’ (म्हणजे ‘जळालेला सद्गुण’) या रेखाटनात गोलावर बसलेली लठ्ठ, मुकुटधारी बाई म्हणजे अज्ञान. सद्गुणाची बाई तिथे सापडणार नाही. त्याच्या जागी लॉरेल या झाडाच्या जळणाऱ्या फांद्या आहेत.