पिकअपच्या हौद्यावर गो-कार्ट नेण्यासाठी घरचा रॅक: पाइप कापण्यापूर्वीची तयारी

पाइप आणायला निघण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक काढून बसा. गो-कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीचा, रॅक करायचा म्हटलं की बहुतेकांचा जीव वेल्डिंगमध्ये अडकलेला असतो, पण रॅक कसा असावा हे गाडी आणि कार्ट ठरवतात. गाडी किती भार उचलते तो आकडा पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर सापडतो. त्यातून माणसं, पेट्रोलचा कॅन, हत्यारांची पेटी, जादाचे टायर आणि खुद्द रॅक, सगळं वजा करा. उरेल त्यात कार्ट आरामात बसली पाहिजे, जेमतेम नव्हे.

टपावर न्यायचा विचार असेल तर पुस्तकातला टपाचा वेगळा आकडा बघा. पुष्कळ मोटारींना तो 75 किलोच्या आसपास असतो आणि रॅकचं वजन त्यातच धरायचं असतं. म्हणजे कार्ट चढवण्याआधीच हिशेब संपला. मागच्या टो-हुकावर (ट्रेलर ओढायच्या हुकावर) रॅक लावणाऱ्यांनी हुकावर उभा भार किती चालतो ते पाहावं. तो आकडा हुकापाशी टेकलेल्या भाराचा असतो; आडवी ठेवलेली कार्ट हुकापासून बरीच मागे लोंबकळते, त्यामुळे हुकावर पिळ येतो आणि पुढची चाकं हलकी पडतात ते वेगळंच. माझं मत विचाराल तर घरी बनवायच्या रॅकला पिकअपचा हौदा हीच जागा. पुढचं सगळं ते गृहीत धरून लिहिलं आहे.

आता कार्ट. शर्यतीची कार्ट ड्रायव्हरशिवाय साधारण 70 ते 90 किलो भरते, पण हा आकडा ऐकीव न ठेवता स्वतः वजन करा. घरातला साधा वजनकाटा पुरतो. एका चाकाखाली काटा, बाकी तीन चाकांखाली काट्याच्याच जाडीचे ठोकळे, आणि असं चारही चाकांना फिरवून आकड्यांची बेरीज. दोन मिनिटांचं काम जास्त लागेल, पण चारही कोपऱ्यांवर किती भार येतो ते हातात येतं. मागचा भाग जड निघेल, त्यातही इंजिनाच्या बाजूचा कोपरा सगळ्यात जड. रॅकचे पाय कुठे हवेत आणि चढवताना दणकट माणूस कुठल्या टोकाला उभा करायचा, दोन्ही यावरून ठरतं.

मापं घेताना कॅटलॉगवर जाऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांत कार्टची रुंदी जास्तीत जास्त 1400 मिलिमीटर धरलेली आहे आणि मोठ्यांच्या कार्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 1050 च्या आसपास असतो, पण मागचे हब (चाकं ज्यावर बसतात ते भाग) आतबाहेर सरकवले की रुंदी बदलते, आणि पावसाच्या सेटिंगला पुढची चाकंही बाहेर येतात. सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद, दोन्ही मापं लिहून ठेवा. रॅकवर चाकं टेकायच्या पट्ट्या तेवढ्या ऐसपैस हव्यात, नाहीतर सेटिंग बदलल्यावर चाक अर्धं बाहेर. मग हौद्यात शिरा. चाकांवरच्या उंचवट्यांमधलं अंतर बहुतेक पिकअपमध्ये कार्टच्या रुंदीपेक्षा कमी भरतं, आणि रॅक लागतो तो मुळात याच कारणाने: कार्टला त्या उंचवट्यांच्या वर उचलून सपाट बसवायचं. खाली मोकळी राहिलेली जागा टायर आणि पेट्यांना मिळते. हौद्याचा मागचा फाळका बंद ठेवून कार्ट आत मावते का, हेही आत्ताच बघा. छोट्या हौद्यात ती मावत नाही आणि फाळका उघडा ठेवावा लागतो. त्याचं पुढे येतंच.

एक गोष्ट मात्र मापांच्याही आधी डोक्यात बसली पाहिजे. कार्टला सस्पेन्शन नसतं. स्प्रिंग नाही, शॉक अब्सॉर्बर नाही. 30 ते 32 मिलिमीटरच्या पाइपांची चासीच वळणावर पिळते आणि त्याच पिळण्यावर कार्ट कशी वळणार ते ठरतं. अशी चासी वाकड्या रॅकवर बांधून खड्ड्याखड्ड्यांतून तासन्तास नेली तर ट्रॅकवर जे सेटिंग घेऊन उतरायचं तेच रस्त्यात बिघडवण्याची सोय केल्यासारखं होतं. म्हणून चारही चाकं टेकतील त्या जागा एका पातळीत हव्यात. पाणसळ इथे फारशी कामाची नाही, कारण गाडी स्वतःच कुठे सपाट उभी असते? त्यापेक्षा दोन दोऱ्या घ्या. रॅकच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून, वरच्या पृष्ठभागाला टेकवून, दोन्ही कर्णांवर ताणून बांधा. मधोमध दोऱ्या एकमेकींना नुसत्या शिवल्या तर रॅक सपाट. मधे फट दिसली किंवा एकीने दुसरीला दाबलं तर एक कोपरा वर किंवा खाली आहे. दोऱ्यांची जागा बदलून पुन्हा बघा. सांगाडा नुसता टॅक मारलेला, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला, असताना ही तपासणी करायची. पूर्ण वेल्ड झाल्यावर हातोड्याशिवाय उपाय उरत नाही. आणि त्याच वेळी टेपने दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना तेही पाहा, म्हणजे काटकोनाचाही निकाल लागतो.

सामानाची यादी फार मोठी नाही. 40 बाय 40 चा चौकोनी पाइप, 2 मिलिमीटर जाडीचा, मीटरला साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरतो. तीन मिलिमीटरचा घेतलात तर मीटरला सव्वातीन-साडेतीन. चौकट, पाय आणि आडव्या दांड्या मिळून बारा-चौदा मीटर पाइप सहज लागतो, तेव्हा या एका मिलिमीटरने रॅक बारा-पंधरा किलोंनी जड होतो. माझी निवड 2 मिलिमीटरचा पाइप आणि आधाराच्या जास्त तिरक्या दांड्या. अ‍ॅल्युमिनियम हलका खरा, पण वेल्डच्या शेजारी तो मऊ पडतो, आणि घरगुती वेल्डिंगवर त्याचा भरवसा मी धरणार नाही. त्यात करायचंच असेल तर नट-बोल्टने जोडा. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणला तर वेल्डच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

नट-बोल्टमध्ये चिंगूसपणा नको. 8.8 ग्रेडचे एम 10 बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहजी सैल न होणारे), रुंद वॉशर. पोकळ पाइपातून आरपार बोल्ट घालणार असाल तर आत लोखंडी नळीचा तुकडा बसवा, बरोबर पाइपाच्या आतल्या मापाचा. तो नसला तर बोल्ट आवळताना पाइपाच्या भिंती आत दबतात, तुम्हाला वाटतं बोल्ट घट्ट झाला, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर तो बोटाने फिरतो. पाइपांची उघडी तोंडं टोप्यांनी बंद करा, पण सगळ्यात खालच्या बाजूला पाणी निघायला एक भोक ठेवा.

पायांबद्दल थोडं सविस्तर. हौद्याच्या बाजूच्या भिंती म्हणजे पत्रा. रॅक त्यांच्यावर टेकवून ठेवायचा नाही. भार तळावर उतरला पाहिजे, तोही तळाखालच्या आडव्या बीमच्या वर, आणि प्रत्येक पायाखाली तळहाताएवढी जाड पट्टी, तिच्याखाली रबर. गाडीच्या खाली वाकून ते बीम कुठे आहेत ते बघून खडूने तळावर खुणा करून घ्या. बोल्टसाठी भोक पाडण्यापूर्वी इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, वायरी कुठून गेल्यात ते पाहिलंच पाहिजे. शक्य असेल तर कंपनीने दिलेल्या कड्यांच्या जागाच वापरा. चार पाय आणि वर चौकट एवढ्यावर थांबलात तर सांगाडा ब्रेक लागल्यावर पुढेमागे झुलतो, आणि प्रत्येक झुलण्याचा हिशेब पायाच्या वेल्डला चुकवावा लागतो. लांबीच्या दोन्ही बाजूंना आणि निदान एका आडव्या बाजूला तिरकी दांडी हवीच.

किती जोर धरायचा? माल बांधण्याच्या ईएन 12195-1 या युरोपीय मानकात रस्त्यावरच्या वाहनासाठी पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला व मागे 0.5 पट जोर धरतात. म्हणजे 80 किलोची कार्ट करकचून ब्रेक मारल्यावर 64 किलोने पुढे ढकलते, वळणावर 40 किलोने बाजूला. हा नेहमीच्या चालवण्याचा हिशेब आहे, टकरीचा नव्हे. त्यामुळे पुढच्या बाजूला, म्हणजे केबिनकडे, चाकांना अडवणारी आडवी पट्टी वेल्ड केलेली असावी. निव्वळ बांधायच्या पट्ट्यांच्या भरवशावर 64 किलो पाठीमागे घेऊन मी तरी बसणार नाही.

बांधायचे पट्टे चार, आणि एक जादा. रॅचेटच्या प्रत्येक पट्ट्यावर लेबल असतं, त्यावर एलसी या अक्षरांपुढे डेकान्यूटनमध्ये क्षमता लिहिलेली असते. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. लेबल नसलेला पट्टा कार्टला लावायचा नाही. बांधायचं चासीच्या मुख्य पाइपांना: मागे अ‍ॅक्सलच्या बेअरिंगजवळ, पुढे स्टब अ‍ॅक्सलच्या (पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्याच्या) आतल्या बाजूला. टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारे दांडे), स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची नळी, डिस्क, सीट आणि साइड पॉड (बाजूची प्लॅस्टिकची आवरणं) यांना पट्टा शिवतासुद्धा कामा नये. पुढच्या प्लॅस्टिकच्या नाकाला तर मुळीच नाही, कारण त्याच्या पकडी धक्का बसल्यावर मागे सरकाव्यात अशाच बनवलेल्या असतात. खरं तर नाक काढूनच ठेवा. दोन पकडी सोडल्या की निघतं, लांबीही वाचते आणि वाऱ्यात ते शिडासारखं भरतही नाही. चारही पट्टे थोडेथोडे करून आळीपाळीने आवळा. एक कोपरा आधी करकचून ओढला की चासी पिळलीच. मागच्या दोन पट्ट्यांपैकी निदान एक रॅकवर न थांबवता थेट हौद्याच्या कडीला न्या, म्हणजे रॅकचा एखादा जोड सुटला तरी कार्ट गाडीतच राहील. पट्ट्याला मधे एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात घोंघावतो, थरथरतो आणि त्या थरथरीने रॅचेट सैल होतो.

चढवण्याचा विचार रॅक बनल्यावर करतात, तो आधी करायचा असतो. हौद्याचा तळ आणि त्यावर रॅक मिळून उंची छातीपर्यंत जाते. फळी लावून ढकलत नेऊ असं वाटत असेल तर एक गणित बघा. चासीखाली 30 मिलिमीटर मोकळीक आणि 1050 चा व्हीलबेस असेल, तर फळी आणि रॅक यांच्यातला कोन साडेसहा अंशांच्या पुढे गेला की चासीचं पोट माथ्यावर घासतं. मीटरभर उंचीला साडेसहा अंशांची फळी जवळजवळ नऊ मीटर लांब होते! त्यापेक्षा रॅकच्या मागच्या काठावर आडवा रोलर बसवा. आधी दोघांनी पुढचं टोक उचलून पुढची चाकं रॅकवर टेकवायची, मग दोघांनी मागे येऊन शेपूट उचलायची आणि आत लोटायचं. चासी रोलरवरून सरकते. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, कार्ट सहजी वळत नाही, म्हणून सुरुवातीलाच सरळ रेषेत धरा. मागे उचलायचं वजन 45-50 किलो असेल. दोन धडधाकट माणसं नेहमी मिळणार नसतील तर पुढच्या चौकटीवर हाताने फिरवायचा छोटा विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवायची जागा आत्ताच ठेवा. हात कुठे घालायचा तेही ठरवून घ्या. सायलेन्सर शर्यतीनंतर बराच वेळ तापलेला असतो.

पेट्रोल काढून टाका. टाकी भरलेली असली की हिसक्यांनी कार्बोरेटरमधून गळतं, आणि कॅन हौद्यात उभा, बांधलेला, सायलेन्सरपासून लांब. फाळका उघडा राहणार असेल तर मागचे दिवे आणि नंबरप्लेट दिसतायत का ते गाडीच्या मागे वीस पावलं जाऊन बघा. झाकली जात असतील तर दिव्यांची वेगळी पट्टी लावावी लागेल. माल किती बाहेर चालतो आणि त्याला कुठली खूण लावायची याचे नियम जागोजागी निराळे आहेत, ते आधी वाचा.

रंग देण्याची घाई करू नका. आधी कार्टच्या दीडपट वजनाच्या वाळूच्या गोण्या रॅकवर रचा, वजनकाट्याने मिळालेल्या प्रमाणात मागे जास्त आणि पुढे कमी, आणि गाडी हलवून हलवून प्रत्येक वेल्डकडे टॉर्च मारून बघा. उघड्या लोखंडावर बारीक चीर दिसते, रंगाखाली दिसत नाही. मग त्याच गोण्या पट्ट्यांनी बांधून खराब रस्त्यावर एक फेरी, परत आल्यावर सगळे नट पुन्हा पाना लावून. हे पार पडलं की रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) आणि वर रंग. कार्ट घेऊन पहिल्यांदा निघाल तेव्हा दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळा, कारण टायर दबतात, पट्टे ताणतात, आणि पहिल्या टप्प्यातच सगळ्यात जास्त सैल होतात. टायरमधली हवा उतरलेली असेल तर निघण्याआधी ती थोडी जास्त भरून घ्या, नाहीतर हाच प्रकार वाटेत पुन्हा पुन्हा होईल. पट्टे उन्हात, हौद्यात टाकून ठेवू नका. कड उसवलेली किंवा विण विटून कडक झालेली दिसली की तो पट्टा कापून टाका, म्हणजे चुकून कोणी पुन्हा वापरणार नाही.