घरतपासणीची कामं कुठून मिळतात?
बडोद्यात घरतपासणी, म्हणजे घरातले दोष शोधून अहवाल देण्याचं काम, करत असाल, तर दलालांच्या फार मागे लागू नका. सौदा मोडेल अशी ओल दाखवणारा माणूस त्यांना नकोच असतो. गृहकर्जाचे एजंट, वकील, इंटिरियरवाले यांच्याशी ओळख ठेवा. कमिशन मात्र देऊ नका, अहवालावरचा विश्वास उडतो. गूगल प्रोफाइलवर गोत्री, वाघोडिया रोड अशी भागांची नावं टाका आणि अहवाल दिला त्याच संध्याकाळी रिव्ह्यू मागा, मराठीत असो वा गुजरातीत.

खरी मेख ताब्याच्या तारखेत आहे. ती प्रत्येक ग्राहकाची लिहून ठेवा. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेले बांधकामातले दोष बिल्डरला 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावे लागतात. साडेचार वर्षं झाली की ही मुदत संपत आल्याचं तेवढं ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. निरोप सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोच, कारण बहुतेकांचा ताबा एकाच सुमाराचा असतो.