बलाची गणितं का चुकतात? या चुका टाळा

नववी ते अकरावीच्या वह्यांमध्ये बलाच्या गणितात आकडेमोड सहसा बरोबर असते. चुकते ती दिशा, आणि बल नेमकं कोणत्या वस्तूवर लागतंय ते.

पावसात काळ्या मातीत बंडी रुतली. दोन दोर बांधून दोघं ओढताहेत, एक ३०० न्यूटननं, दुसरा ४०० न्यूटननं. वहीत झटकन उत्तर येतं ७००. पण दोघं एकाच दिशेला ओढत असतील तरच ते खरं. दोरांमध्ये काटकोन असेल तर पायथागोरसच्या प्रमेयानं ५००, आणि दोघं विरुद्ध दिशांना ओढत असतील तर फक्त १००. बल सदिश आहे, म्हणजे त्याची बेरीज दिशा धरूनच होते, म्हणून आधी बाण काढा, मग बेरीज करा. वस्तुमान अदिश आहे, म्हणजे त्याची साधी बेरीज होते. युरियाच्या ४५ किलोच्या दोन चुंगड्या कशाही रचा, ९० किलोच होणार. मात्र एका चुंगडीचं वजन म्हणजे ४५ × ९.८ = ४४१ न्यूटन, दिशा सरळ खाली. बलाच्या जागी किलोचा आकडा टाकला की उत्तर जवळपास दहापट चुकतं.

सगळ्यात जास्त पोट्टे अडकतात ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमात. बैल बंडीला जेवढ्या बलानं पुढे ओढतात, तेवढ्याच बलानं बंडी बैलांना मागे ओढते. मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द करून बंडी जागीच का राहत नाही? कारण ती एका वस्तूवर लागतच नाहीत. एक बंडीवर, दुसरं बैलांवर. फक्त बंडीची आकृती काढा: पुढे बैलांचं ओढणं, मागे चिखलाचा विरोध. पहिलं मोठं झालं की बंडी हलते. आता बैलांची आकृती काढा. ते खुरांनी जमीन मागे ढकलतात, जमीन घर्षणानं त्यांना पुढे ढकलते. खूर घसरले की हे बल घटतं, म्हणून तर धडधाकट जोडीही ओल्या रानात हतबल होते. हे एकदा नीट समजलं की अर्धा धडा सोपा जातो.

दिशा दिसली की सदिश, असंही समजू नका. विद्युतधारेला दिशा असते, पण तारांच्या जोडावर तिची साधी बेरीज होते, म्हणून ती अदिश. १०० मीटर बाजूच्या चौरस वावराला धुऱ्यानं ४०० सेकंदांत फेरी मारली तर सरासरी चाल सेकंदाला १ मीटर, सरासरी वेग मात्र शून्य, कारण वेग सदिश आहे आणि तुम्ही निघालात तिथेच परत आलात.

उत्तराची शंका आली तर मर्यादा बघा. ३०० आणि ४०० न्यूटनचं परिणामी, म्हणजे दोन्ही मिळून होणारं, बल १०० पेक्षा कमी किंवा ७०० पेक्षा जास्त येऊच शकत नाही. आलं, तर आधी कोन तपासा, मग चिन्हं.