वावरात पडलेलं विमान कसं शोधावं

दुसऱ्या महायुद्धात विदर्भाच्या आकाशात लढाई झाली नाही. इथे शोधायची ती प्रवासात किंवा सरावात पडलेली विमानं. नागपूरचं सोनेगाव आणि गोंदियाजवळचं बिरसी हे त्या काळचे तळ. मेटल डिटेक्टर विकत घेण्याआधी कागद बघा. ब्रिटिश विमान असेल तर लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या नोंदी ‘एअर २७’ मध्ये आणि तळांच्या ‘एअर २८’ मध्ये मिळतात. अमेरिकन असेल तर अपघाताचा अहवाल किंवा बेपत्ता विमानाचा ‘एमएसीआर’ मागवा. मध्य भारतातल्या बऱ्याच युद्धकबरी नंतर पुण्याच्या खडकी युद्ध दफनभूमीत हलवल्या गेल्या. वैमानिक तिथे असेल, तर आधी त्याला कुठे पुरलं होतं हे स्थलांतराच्या कागदावर पाहा. हा धागा बहुतेक जण सोडून देतात.

सगळ्यात जास्त चूक जागा ठरवताना होते. ‘नागपूरच्या वायव्येस २० मैल’ असं लिहिलेलं असतं, पण मैल कोणता ते लिहिलेलं नसतं. जमिनीवरचे २० मैल म्हणजे ३२ किमी, सागरी २० मैल म्हणजे ३७ किमी. दोन्ही वर्तुळं काढा. दिशा १० अंशांनी चुकली तर ३० किमीवर जागा ५ किमी सरकते. अक्षांश नुसत्या मिनिटांपर्यंत दिला असेल तर तिथेच पावणेदोन किमीहून जास्त फरक पडू शकतो. चंद्रपूर कागदात ‘चांदा’ म्हणून सापडेल. पिपरी, वडगाव, खापरी ही नावं तर अनेक तालुक्यांत आहेत, वर बुद्रुक-खुर्द वेगळे. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. तलाठ्याकडे मौजा तपासा.

मग गावात जा. आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, नाहीतर गुप्तधन शोधायला आलेले समजतील. ‘विमान कधी पडलं?’ याला उत्तर मिळत नाही. ‘चिमूर-आष्टीच्या आधी की नंतर?’ असं विचारा, म्हणजे तिथल्या उठावाची, ऑगस्ट १९४२ ची खूण मिळते. जवारी उभी होती का, धानाची रोवणी चालू होती का, यावरून महिना कळतो. वेळ जुळवताना लक्षात ठेवा, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ इथलं घड्याळ एक तास पुढे होतं. कागदावरचे सात म्हणजे आजचे सहा. ‘इमानाचं वावर’ असं एखाद्या शेताचं नाव आहे का, तेही विचारा.

गोठे जरूर बघा. गव्हाणीला ठोकलेला किंवा छपराचं भोक बुजवलेला हलका पत्रा हातात घ्या. चुंबक चिकटत नसेल आणि काठाला सारख्या अंतरावर रिव्हेटची रांग असेल, तर घासून पाहा. आत पिवळट हिरवा रंग किंवा ‘अल्क्लॅड २४एसटी’ हा छाप दिसला तर विमान बहुधा अमेरिकन. विमानातल्या एखाद्या मीटरवर मुकुट आणि ‘एएम’ असेल तर ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा माल. स्प्रिंकलरचे जुने पाइपही ॲल्युमिनियमचेच असतात, त्याने फसू नका.

शेतात पऱ्हाटी उपटल्यावर, पहिल्या पावसाआधी जा. भंडारा-गोंदियाकडे धान कापल्यावर बांध्या मोकळ्या असतात, आणि मे महिन्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव आटले की त्यांचा तळ बघता येतो. ऊन पंचेचाळीसला टेकतं, म्हणून सकाळी दहापर्यंतच काम. दोन-दोन मीटरवर माणसं उभी करून आधी नुसतं चाला. तुकडा दिसला की उचलू नका: फूटपट्टी ठेवून फोटो, फोनवर जीपीएस, मग क्रमांकाची पिशवी. तुकड्यांचा नकाशाच विमान कुठून आलं ते सांगतो. लांबट पट्टा असेल तर ते तिरकं उतरलं, एकाच जागी दाटी असेल तर नाक खाली करून कोसळलं. तेव्हा इंजिन काळ्या मातीत काही मीटर खोल गेलेलं असू शकतं आणि साध्या डिटेक्टरला ते ऐकूच येत नाही. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे तुकडे वरखाली होतात. वऱ्हाडातला काळा दगड आणि गडचिरोलीची लोहयुक्त माती खोटे आवाज देतात. प्रत्येक शेतात कोरी जागा धरून डिटेक्टर जुळवून घ्या.

मालकाच्या होकाराशिवाय खड्डा नाही. वनहद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. ताडोबा, मेळघाट, नागझिरा इथे तर नाहीच. काडतूस किंवा बॉम्ब दिसला तर हलवू नका, धुऊही नका. मागे सरा, ११२ ला फोन करा. हाड दिसलं तर तिथेच थांबा, जागा झाका आणि पोलिसांना कळवा. ते कोणाच्या तरी मुलाचं आहे, आणि त्याचं नाव सापडायचं असेल तर हाड जिथे होतं तिथेच राहायला हवं.