आईवडिलांचा मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, राहायला वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "तुमच्यातही मातृदेवो भव असतं का गं?" असतं ना. दहा आज्ञांतली पाचवी तीच: आईबापाचा मान राख, म्हणजे तुला दीर्घायुष्य लाभेल. शिवाय तो राखायचा कसा, हेही आमच्या जुन्या पंडितांनी बारकाईनं ठरवून ठेवलंय. घरात म्हातारं माणूस असेल तर धर्म कुठलाही असो, उपयोगी पडेल.

आधी मनावरचं एक ओझं उतरवा. आज्ञेत 'प्रेम कर' असं म्हटलेलं नाही. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, मान राखणं म्हणजे सरळ कामं सांगितलीत: खाऊपिऊ घालणं, कपडे घालणं, पांघरणं, बाहेर नेणं आणि घरी आणणं. वडिलांशी जुनी अढी असेल तरी ही कामं जमतात. मात्र करताना तोंड सांभाळा. एक मुलगा बापाला पुष्ट कोंबड्या खाऊ घालायचा, पण बापानं "हे आणलंस कुठून?" विचारलं की म्हणायचा, "म्हाताऱ्या, गप खा." तो नरकात गेला. दुसऱ्यानं बापाला जात्यावर बसवलं, कारण राजाकडची वेठ आली होती आणि तिथला अपमान, मार आपल्या वाट्याला यावा म्हणून तो स्वतः गेला. त्याला स्वर्ग मिळाला. तेव्हा पथ्याची खिचडी वाढताना कपाळाला आठ्या नकोत.

दुसरा भाग धाकाचा. तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, मान सांगताना बाप आधी येतो आणि धाक सांगताना आई. लाडामुळे आईचा मान आपसूक राखला जातो आणि बापाचा धाक आपसूक वाटतो, म्हणून क्रम उलटा, असं पंडित सांगतात. धाक म्हणजे त्यांच्या जागेवर बसू नका, त्यांचं बोलणं खोडू नका. इतकंच काय, वादात त्यांच्यासमोर "पप्पांचं बरोबर आहे" असा निवाडाही देऊ नका. तुम्ही कोण न्यायाधीश? खंडेराव मार्केटात पूर्वी कुठली भाजी कुठं मिळायची यावरून पप्पा आणि माझा भाऊ भांडतात, तेव्हा मी चहा ठेवायला उठते.

मग चूक दाखवायची कशी? बापाच्या हातून धर्माचा नियम मोडला तर "चुकलात" म्हणू नये, "पप्पा, तोरामध्ये असं असं लिहिलंय ना?" असं विचारावं, ही जुनी रीत. मी ती औषधांना लावते. "पप्पा, ही गोळी जेवणानंतरची लिहिलीय ना कागदावर?" ते चष्मा लावून कागद बघतात आणि स्वतःच गोळी बाजूला ठेवतात.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण भावंडं इथंच बिनसतात. खर्च आईवडिलांच्या पैशातून करायचा. त्यांच्याकडे नसेल आणि आपल्याकडे असेल तर आपण करायचा. धावपळ आणि बुडालेला रोजगार मात्र आपला. पप्पांचं पेन्शन औषधांना जातं, बँकेत खेपा माझ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळंच ऐकायचं का? नाही. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडायला सांगितलं तर ऐकायचं नाही. लग्न कुणाशी करायचं, यातही मुलाला बापाचं ऐकण्याची सक्ती नाही. आईबापांनाही मुलांवर जड जू लादायची मनाई आहे, आणि हवा तर ते आपला मान सोडू शकतात.

कारणं दोन मला पटतात. माणूस घडवण्यात तीन भागीदार: देव, आई आणि बाप. आणि ज्याला घरातल्या उपकारांची जाण नाही, तो देवाचे उपकार काय ओळखणार?

आता सर्वांत अवघड प्रसंग. आईबापाचं भान सुटलं तर? बाराव्या शतकातले आमचे मोठे धर्मपंडित रंबाम सांगतात: झेपेल तेवढं त्यांच्या कलानं घ्या, अगदीच झेपेना तर दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून बाजूला व्हा. म्हणजे बाई ठेवायला हरकत नाही, पण 'नीट' हा भाग आपला. पहिल्याच दिवशी तिला सांगा: हाक कशी मारायची, अंघोळीच्या वेळी दार लावायचं, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल फोनवर बोलायचं नाही.