ऑफशोअरवर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर, बॉस व्हायचंय? मग आधी फिल्ड माग
२०२२ च्या जानेवारीत अलका मित्तल ओएनजीसी या सरकारी तेल-वायू कंपनीच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, पण त्या आल्या एचआरमधून, फिल्डवरून वर जायचं तर रस्ता वेगळा. तिथे इंजिनिअर म्हणून लागलीस की पोस्टिंग मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं नाहीतर किनाऱ्यावरच्या उरण प्लांटचं माग, "ऑफिसमध्येच बस की गं" म्हणणारे भेटतीलच. हेलिकॉप्टरने समुद्रात जायच्या आधी पाण्यात उलटलेल्या केबिनमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग असतं, पोहणं आधीच शिकून घे. ड्रिलिंगमध्ये असशील तर वेल कंट्रोलचं, म्हणजे विहिरीतला दाब आवरायचं, सर्टिफिकेट लवकर काढ, कारण किक आली, म्हणजे खालचा गॅस विहिरीत घुसला, की डोकं शांत ठेवून विहीर कोण बंद करतंय हेच लोक लक्षात ठेवतात. नाइट शिफ्ट टाळू नकोस. आणि परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीवर, सही करायच्या आधी स्वतः जाऊन बघ, पुढच्या शिफ्टला हँडओव्हर तोंडी नको, लिहूनच दे.